पंख असलेली बस

मी कुरुळीला राहतो. चाकणच्या कारखान्यांचा हा शेजार. पाळी सुटली की पुणे-नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक अडकून पडतात. आत खिडकीला डोकं टेकून पोरं झोपलेली असतात. ती रांग पाहिली की मला एक वेगळीच बस आठवते. तिला पंख आहेत.

ही बस शिल्पकार सुदर्शन शेट्टी यांची. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०१२ साली त्यांनी ती उभी केली. मुंबईकरांच्या ओळखीची दुमजली बस आणि दोन्ही अंगांना धातूचे मोठे पंख! 'बेस्ट'च्या जुन्या डिझेलवरच्या दुमजली गाड्या २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. शेट्टींनी त्या रूपाला अकरा वर्षं आधीच पंख दिले होते.

शेट्टींचा जन्म १९६१ चा, मंगळूरचा. वडील यक्षगानातले कलावंत. सुदर्शन मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले; पण कॅनव्हास त्यांना पुरला नाही. १९९५ च्या 'पेपर मून' प्रदर्शनापासून ते वस्तूंशी खेळू लागले. २००६ मध्ये त्यांनी एका जग्वार मोटारीवर प्रणयातुर डायनोसॉरचा पोलादी सांगाडाच चढवला! आधी हसू येतं. मग वाटतं, एक कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला, दुसरी आज तोऱ्यात मिरवणारी. उद्या तिचाही सांगाडाच उरणार.

त्यांच्या कितीतरी शिल्पांत यंत्रं असतात. ती हलतात, तेच ते पुन्हा पुन्हा करतात, पण त्यांतून माल काही निघत नाही. आमच्याकडे यंत्र थांबलं तर मिनिटांचा हिशेब होतो. इथे यंत्र नुसतं खेळतं, आणि त्या खेळात आपल्याला आपलंच रोजचं फिरणं दिसतं.

पुढे २०१६ मध्ये 'शून्य घर' या कामात त्यांनी जुन्या लाकडातून वास्तू उभी केली. त्याच वर्षीच्या कोची बिएनालेची कलामांडणीही त्यांच्याकडेच होती. खेळकर माणूस असा शून्यापर्यंत पोहोचला.

शेजारच्या एका कामगार पोराला मी त्या बसचं चित्र दाखवलं.

"चाचा, उडते का ही?"

"नाही रे."

"मग पंख कशाला?"

मी विचारलं, "कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटतोस, तेव्हा कुठे असतोस?"

तो थोडा लाजला. म्हणाला, "गावी."