पाहुण्या जाऊ, पण समजून जाऊ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण बायका घराबाहेर पडतो त्या बहुधा देवाच्या नावाने. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आपल्याला पाठ आहे. पण भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल किती जणींनी पाहिले? तेथील देवळात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल आहे, आणि चांगला पाऊस झाला की नर-मादी धबधबे पाहावेत. दोन्हीकडे सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येते.

थंडीत शेतावर हुरडा असतो. आगटीत भाजलेली कणसे, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. काही शेतकरी मुक्कामाचीही सोय करतात. सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणच केले आहे. मात्र मुक्कामाला जाण्याआधी संडास, न्हाणी आणि दाराची कडी यांची चौकशी जरूर करावी.

आणखी एक सांगायचे आहे. तेथे पहाटे चूल पेटवून तीस जणींच्या भाकऱ्या थापते ती आपल्यासारखीच एक बाई. "सुगरण आहेस हो" एवढ्याने तिचे भागत नाही. सहल ठरवतानाच दर ठरवावा, मदतीला शेजारणी घ्यायला सांगावे, आणि त्यांची मजुरी त्यांच्याच हातात पडेल असे बोलून घ्यावे. आपली ताटे आपण विसळावीत. माहेरी गेल्यावर आपण भावजयीला हातभार लावतोच ना?

यंदाच्या सहलीत एवढे पाळावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.