घट बसले त्या दिवशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'परदेशातील माझे अनुभव' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही अमेरिकेतील आयोवा संस्थानात डे मॉइन गावी नऊ वर्षे राहिलो आणि 2024 च्या उन्हाळ्यात परत आलो. नऊ वर्षांचे अनुभव सांगू लागले तर तिळगुळाचे डबे तसेच राहतील. म्हणून आज एकाच दिवसाची हकीकत सांगते.

तो दिवस 15 ऑक्टोबर 2023, रविवार, घटस्थापनेचा. सासूबाई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सकाळीच घट बसवले, अखंड दिवा लावला. आमचे हे कामानिमित्त बाहेरगावी गेलेले. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा.

मुलगी शाळेच्या बास्केटबॉलच्या संघात होती. मात्र गेले वर्षभर ती बहुतेक वेळ बाकावरच बसलेली. त्या आठवड्यात तिने जाहीर केले, "मी सोडणार." मला मनातून बरेच वाटले. गणिताला वेळ मिळेल, शनिवारची धावपळ वाचेल. शिक्षिकेला पाठवायचे पत्र मी लिहूनही ठेवले होते. फक्त 'पाठवा' हे बटण दाबायचे राहिले होते.

त्या सकाळी साबुदाणा परतता परतता मी सहज विचारले, "नक्की ना गं? मागाहून रडायचे नाही."

ती म्हणाली, "रडेन कशाला? तू तरी कुठे येतेस बघायला?"

भगिनींनो, उत्तराला माझ्याकडे शब्द नव्हता. सांगलीला शाळेत असताना मी खो-खो खेळत असे. तीन वर्षे खेळले, पण घरचे कोणी एकदाही बघायला आले नाही. आईला वेळ नसे, वडिलांना ते आवडत नसे. त्या तीन वर्षांची हुरहुर मी इतकी वर्षे जपली होती, आणि तेच मी माझ्या लेकीला देत होते. मीही तिचा एकही सामना पाहिला नव्हता.

त्याच दुपारी आयोवा सिटीला विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता. आठवडाभर गावात तीच चर्चा. कारण हा सामना नेहमीच्या सभागृहात न होता फुटबॉलच्या उघड्या मैदानावर, किनिक स्टेडियममध्ये व्हायचा होता. आयोवाच्या संघातली केटलिन क्लार्क ही तर आमच्या शेजारच्याच वेस्ट डे मॉइनची मुलगी. मी गॅस बंद केला आणि म्हटले, "चला, बूट घाला. सामना बघायला जायचे."

मुलांना ते खरे वाटेना. मलाही वाटेना. गाव 185 किलोमीटर दूर, मी एकटी गाडी चालवणार, घरात घट बसलेले आणि दिवा तेवत असलेला. लाकडाचे घर, दिवा एकटा सोडून जायची सोय नाही. मी सासूबाईंकडे पाहिले. वाटले, आता म्हणतील, आजच्या दिवशी कसले गं भलते खूळ?

सासूबाई म्हणाल्या, "दिव्याजवळ मी बसते. तू पोरीला घेऊन जा. मला आठवीतून मैदानावरून उठवली ती कायमचीच. देवीला काय, ती स्वतःच रणात उतरलेली."

यावर मी आणखी काय बोलणार?

खिचडीचा डबा, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि निघालो. रस्ता सरळ, एका ओळीत आखलेला. दोन्हीकडे मक्याची आणि सोयाबीनची शेते, कुठे कापणी झालेली, कुठे अवाढव्य यंत्रे धूळ उडवीत चाललेली. तिकिटे मी निघण्यापूर्वी फोनवरच काढली होती. पावणेदोन तासांनी गाव आले. गाडी लांबच लावावी लागली. गाडीतच बसून डबा खाल्ला आणि मग गर्दीबरोबर चालू लागलो.

अशी गर्दी मी आषाढीला पाहिली होती, मुलींच्या खेळाला कधी नाही. काळे आणि पिवळे असे त्या विद्यापीठाचे रंग. आजोबा, तरुण, कडेवरची पोरे, सगळे त्याच रंगांत. मला नवल वाटले ते लहान मुलग्यांचे. त्यांच्या सदऱ्यांच्या पाठीवर 22 हा आकडा होता, म्हणजे एका मुलीचा क्रमांक. माझा मुलगा लगेच म्हणाला, "आई, मला पण 22!" माणसे मोजली गेली ती 55,646. मुलींच्या बास्केटबॉलला त्याआधीची सर्वांत मोठी गर्दी 2002 सालच्या अंतिम सामन्याची, 29,619. आणि हा तर नुसता मोसमापूर्वीचा मैत्रीचा सामना!

हवा गार, वारा बोचरा. मुलाला मी माझ्या ओढणीत गुंडाळला. शेजारी एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आपल्या पांघरुणाचे टोक माझ्या लेकीच्या मांडीवर टाकले आणि बोलू लागल्या. त्याही शाळेत बास्केटबॉल खेळलेल्या. पण त्या काळी आयोवात मुलींचे नियम निराळे. प्रत्येक बाजूला सहा मुली, तिघी टोपलीत चेंडू टाकणाऱ्या आणि तिघी अडवणाऱ्या. मधली रेघ कोणी ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच जमिनीवर आपटायचा. मुलींना सबंध मैदान धावणे झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. "मी अडवणारी," त्या म्हणाल्या. "चार वर्षे खेळले, पण सामन्यात एकदाही टोपलीकडे चेंडू टाकला नाही. टोपली पलीकडच्या अर्ध्यात." आयोवातली ही पद्धत 1993 साली संपली.

माझी मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मग तुम्ही सोडले का नाही?"

बाई हसल्या. "अगं, अडवण्यातही मौज असते. शिवाय माझी आई प्रत्येक सामन्याला यायची."

मी मैदानाकडे बघू लागले, कारण मला कोणाकडे बघवेना.

पहिली पाळी संपली तेव्हा एक अपूर्व गोष्ट घडली. त्या मैदानाला लागूनच मुलांचे मोठे रुग्णालय आहे. वरच्या मजल्याच्या काचांतून आजारी मुले मैदान पाहतात. 2017 सालापासून तिथे फुटबॉलच्या सामन्यात पहिली पाळी संपली की सगळे प्रेक्षक वळून त्या मुलांना हात करतात. त्या दिवशीही साऱ्यांनी वळून हात हलवले. माझ्या मुलाने ओढणीतून दोन्ही हात बाहेर काढले. सामन्यातून आलेला पैसाही त्याच रुग्णालयासाठी होता.

आयोवाने डीपॉल विद्यापीठाच्या संघाला 94 विरुद्ध 72 असे हरवले. केटलिन क्लार्कने 34 गुण केले, 11 वेळा टोपलीवरून परतलेला चेंडू पकडला आणि 10 वेळा मैत्रिणीला असा चेंडू दिला की तिने गुण करावा. लोक 34 चे कौतुक करतात. मला मंडळाच्या कामातली बाई म्हणून त्या 10 चे अप्रूप अधिक!

घरी येऊन मी थोडे वाचले. बास्केटबॉल 1891 साली निघाला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजात मुलींना शिकवला. 1896 साली कॅलिफोर्नियात दोन विद्यापीठांच्या मुलींचा पहिला सामना झाला, स्टॅनफर्ड विरुद्ध बर्कली. स्टॅनफर्डच्या मुलींनी तो 2 विरुद्ध 1 असा जिंकला. पण पुरुषांना तो पाहायला मज्जाव होता. मुली धावताना पुरुषांनी पाहणे हे अशोभनीय! मग 1972 साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून कोणाला डावलायचे नाही. त्याला तिथे टायटल नाइन म्हणतात. खेळाचे मैदान मुलींना मोकळे झाले ते बरेचसे त्यामुळे. तेव्हा त्या 55 हजारांच्या मागे कोणाचा कायदा होता, कोणाची शिकवणी होती आणि शेजारच्या बाईंच्या आईसारख्या कितीजणींचे नुसते येऊन बसणे होते.

परतताना काळोख पडला. मुलगा झोपला. मुलगी पुढे बसली होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "आई, ते पत्र पाठवलेस?"

"नाही."

"मग नको पाठवूस."

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दिव्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दिवा शांत तेवत होता. त्यांनी आधी विचारले, "कोण जिंकले?" आणि मग, "जेवलात का?"

आता तुम्ही विचाराल, पुढे मुलीने काय पराक्रम केला? काही नाही. त्या वर्षीही ती पुष्कळदा बाकावरच बसली. फरक इतकाच की समोरच्या बाकावर मीही बसू लागले. तिला सामन्यात चार मिनिटे मिळाली, तर ती चार मिनिटे पाहायला कोणीतरी होते. आता ती इथल्या शाळेत खो-खो शिकते आहे आणि मला सांगते, "तुझ्या वेळचे डाव आता जुने झाले!"

भगिनींनो, खो-खो तर आपल्या मातीतला खेळ. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78 विरुद्ध 40 असे हरवले, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छान केले. पण आपल्या पलीकडच्या शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी मुली खेळतात, तिथे मी गेले सहा महिने बसते आहे. प्रेक्षक मोजायला दोन्ही हातांची बोटेही लागत नाहीत.

म्हणून आजच्या वर्धापनदिनी माझे एवढेच मागणे आहे. वर्गणी नको, ठराव नको. आपण एकूण बासष्ट सभासद. दर रविवारी आळीपाळीने दहाजणींनी अर्धा तास त्या कट्ट्यावर येऊन बसायचे. भाजी निवडायची असली तर तिथे निवडा, मी ताट आणीन. खेळ समजला नाही तरी चालेल, शेजारी मी आहेच. आणि घरच्या दिव्याची काळजी असेल, तर ती वाहायला आमच्या सासूबाई अजून खंबीर आहेत.