आवाज जपावा कसा? : घरच्या घरी ध्वनिमुद्रण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चंडीगड येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने आपणा सर्वांकडे एक मागणे घेऊन मी आले आहे. आपल्या घरात जी मराठी गाणी अजून गायली जातात, आजीच्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, आरत्या, शाळेत पाठ झालेल्या प्रार्थना, ती आपण घरीच ध्वनिमुद्रित करावीत आणि शाळेच्या संग्रहासाठी पाठवावीत. हे सुचवताच अनेकांनी एकच प्रश्न विचारला, “बाई, सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?” आजचे माझे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम हे काम निकडीचे का, ते सांगते. चंडीगड, मोहाली, पंचकुला येथे वाढणारी आपली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतात, मैदानावर पंजाबी ऐकतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती घराच्या उंबरठ्याच्या आत, आणि गाण्यातली मराठी तर बहुधा एकाच व्यक्तीच्या तोंडून. ती व्यक्ती सत्तरी-ऐंशीच्या घरात असते. तिच्यामागे शब्द वहीत उरतील. चाल, हेल आणि उच्चार मात्र वहीत मावत नाहीत.

या भूमीशी मराठी स्वराचे नाते जुने आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे फाळणीत लाहोर पलीकडे राहिले आणि पंजाबच्या राजधानीसाठी आपले हे शहर वसवले गेले. पंडितजींचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. तरीही त्यांचे गाणे आज आपण ऐकतो, ते ध्वनिमुद्रिकांमुळे. घरगुती गाण्यांच्या बाबतीत असेच मोलाचे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी केले. गावोगावच्या स्त्रियांकडून त्यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या मिळवल्या आणि त्यांतील कित्येक ध्वनिफितींवर उतरवल्या. त्या गाणाऱ्या बायका व्यावसायिक गायिका नव्हत्या; आपल्या आज्या-मावश्यांसारख्याच होत्या.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सॉफ्टवेअरच्या आधी खोली निवडावी. रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात. मग गाणे स्नानगृहात गायल्यासारखे घुमते. यावर चंडीगडच्या प्रत्येक घरात उपाय आहे, तो म्हणजे हिवाळ्याच्या रजया. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, खुर्च्यांवर किंवा दोरीवर, जाड रजया टांगाव्यात. खाली सतरंजी घालावी, पडदे ओढून घ्यावेत. उन्हाळ्यात कूलर, पंखा आणि फ्रिज तेवढ्या वेळापुरते बंद ठेवावेत. पहाटेची वेळ सर्वांत चांगली.

दुसरी बाब माइकची. यूएसबी माइक संगणकाला सरळ जोडता येतो. घरासाठी तो पुरेसा आहे. कंडेन्सर माइक खोलीतील बारीकसारीक आवाजही टिपतो, म्हणून गजबजलेल्या घरात डायनॅमिक माइक सोयीचा. माइक तोंडापासून एक वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘फ’, ‘भ’, ‘प’ उच्चारताना सुटणाऱ्या हवेचा धपकारा त्यावर आदळत नाही. माइक नसेल तर अडून बसू नये. मोबाइल विमान-मोडवर टाकून, उशीवर ठेवून केलेले मुद्रणही मोलाचे आहे.

आता सॉफ्टवेअर. एकट्या आवाजाचे मुद्रण करायचे असेल, तर ऑडॅसिटी पुरेसे आहे. ते २००० साली प्रथम उपलब्ध झाले, विनामूल्य आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ज्यांच्याकडे ॲपलचा संगणक किंवा फोन आहे, त्यांना गॅरेजबँड विनामूल्य मिळते. मात्र त्यातील मेट्रोनोमची टकटक प्रथम बंद करावी, कारण ओवी त्या ठोक्यावर चालत नाही. पेटी, तबला, गायन असे वेगवेगळे पदर स्वतंत्र मुद्रित करून जुळवायचे असतील, तर रीपर घ्यावे. ते ६० दिवस वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवान्याची किंमत ६० डॉलर आहे. परंतु आजीच्या ओवीसाठी ते लागणार नाही. जे सॉफ्टवेअर आपल्या घरातील आठवीतले मूल अर्ध्या तासात शिकेल, ते आपल्यासाठी योग्य, एवढी कसोटी पुरे.

मांडणी करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सॉफ्टवेअरमध्ये आपलाच माइक निवडलेला आहे ना, याची खात्री करावी. पुष्कळदा लॅपटॉपचा अंगचा माइक निवडलेला राहतो. दुसरी, एका आवाजासाठी मुद्रण मोनो ठेवावे, नमुनादर ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ आणि शक्य असेल तेथे २४ बिट. तिसरी, पातळी. गाण्यातला सर्वांत उंच स्वर आधी गाऊन घ्यावा आणि दर्शक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा नीट सांधता येत नाही. चौथी, विंडोजमध्ये माइकसाठी ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ नावाची सोय असते, ती बंद करावी. अशा सोयी बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून असतात. गाण्यातला लांब धरलेला स्वर त्यांना गोंगाट वाटू शकतो. तानपुरा हवा असेल तर तो हेडफोनमधून ऐकावा, म्हणजे मुद्रणात केवळ आवाज येईल.

गाणे सुरू होण्यापूर्वी दहा सेकंद सर्वांनी गप्प बसावे. खोलीच्या त्या शांततेचा नमुना दाखवला की ऑडॅसिटी पार्श्वभूमीची घरघर कमी करू शकते. ही सफाई हलक्या हाताने करावी. अति केल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ती गोष्ट. आजच्या अनेक सॉफ्टवेअरांत स्वर आपोआप ‘दुरुस्त’ करण्याची सोय असते. ऑटो-ट्यून या नावाने ती १९९७ साली बाजारात आली. तिचे जनक अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वी तेलसाठ्यांच्या शोधासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करीत असत. अशी सोय साधारणपणे सप्तकातील बारा समान स्वरस्थाने धरून चालते आणि त्यांच्या अधेमधे आलेला स्वर जवळच्या स्थानाकडे ओढते. आपल्या गाण्यात मात्र मींड आहे, आंदोलन आहे, श्रुतींचा सूक्ष्म भेद आहे. ओवीच्या शेवटी आजी जो स्वर खाली घसरवत सोडते, तो यंत्राच्या लेखी चूक असतो. आपल्या लेखी तीच तिच्या गावाची ओळख असते. विद्यार्थ्याचा निबंध तपासताना त्याच्या बोलीतला प्रत्येक शब्द लाल शाईने खोडणारा शिक्षक भाषा शिकवीत नाही, पुसतो. म्हणून ही सोय बंद ठेवावी. आजीचा थकलेला श्वास, मध्येच आलेला खोकला, विसरलेली ओळ आठवतानाची थबक, हे सारे राहू द्यावे. मुलांचे बेसूरही राहू द्यावे. दहा वर्षांनी त्यांनाच ते ऐकून आनंद होईल.

मुद्रणाच्या अखेरीस गाणाऱ्याने स्वतःचे नाव, गाव, तारीख आणि हे गाणे कोणाकडून शिकले, ते सांगावे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गायन केले, तेव्हा अखेरीस त्यांनी आपले नाव उच्चारले होते. आजही त्या तबकड्या स्वतःची ओळख स्वतःच देतात. आपल्या आजीचे नावही तिच्याच आवाजात राहावे. अर्थात, हे गाणे शाळेकडे पाठवू का, असे तिला आधी विचारावे. तिची संमती नसेल तर ते घरीच ठेवावे.

शेवटी जतन. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. २४ बिट, ४८,००० हर्ट्झ, मोनो अशा मुद्रणाला मिनिटाला सुमारे ९ एमबी जागा लागते. आजच्या काळात ती फार नाही. एमपी३ ही केवळ वाटण्यासाठीची प्रत समजावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तीन प्रती कराव्यात, एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी. ती तिसरी प्रत सांभाळण्याची जबाबदारी शाळा आनंदाने घेईल.

शाळेच्या साठ वर्षांची छायाचित्रे आमच्याकडे आहेत, हजेरीपट आहेत, निकालपत्रके आहेत; आवाज मात्र फार थोडे आहेत. ती उणीव तुम्ही भरून काढू शकता. महागड्या साधनांची वाट पाहू नका. येत्या रविवारी पंखा बंद करा, रजई टांगा, आजीला मध्ये बसवा आणि नातवंडाच्या हाती संगणक द्या. एक पिढी गाईल, दुसरी तो स्वर जपेल, आणि जपता जपता ते गाणे तिला पाठही होईल.