कूलर आणि तिसरी तार



मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शहरात काय अन् खेड्यात काय, घरोघर कूलर लागतो. त्याची हवा गोड लागते. पण त्याच कूलरचा झटका बसून आपल्या भागात माणसे दगावतात, लेकरेही दगावतात. हे टाळता येते. कसे, ते आज आपण पाहू.

घरात विजेच्या दोन तारा येतात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेजमध्ये २३० व्होल्टचा जोर असतो. कूलरमधल्या पंपाची तार सोलली गेली, की वीज ओल्या पत्र्यात उतरते. आपण अनवाणी उभे राहून पत्र्याला हात लावला, की ती आपल्या अंगातून जमिनीत जाते.

म्हणून तिसरी तार हवी. तिला अर्थिंग म्हणतात. तिचे एक टोक पत्र्याला जोडतात, दुसरे जमिनीत खोल पुरतात. मग पत्र्यातली वीज त्या वाटेने जाते. पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगाळते. सुकी जमीन वीज नीट घेत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे.

कोणी म्हणेल, "फ्यूज आहे ना!" फ्यूज तारेला राखतो, माणसाला नाही. ५ अँपिअरहून जास्त वीज गेली, तरच ५ अँपिअरचा फ्यूज वितळतो. माणूस तर त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही मरू शकतो.

माणसाला राखणारे यंत्र वेगळे. त्याला ई. एल. सी. बी. म्हणतात. गुराखी सकाळी गुरे मोजून नेतो, सांजेला मोजून आणतो. एक कमी भरले, की त्याला कळते. तसेच हे यंत्र फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परतलेली वीज सारखी तोलत असते. एका अँपिअरच्या हजार भागांतले ३० भाग जरी कमी भरले, तरी ते क्षणार्धात दोन्ही तारा तोडते. मात्र कोणी एका हाताने फेज अन् दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर हिशेब बरोबर भरतो, आणि यंत्र गप्प राहते. म्हणून यंत्र असले तरी उघड्या तारेला हात लावू नये. यंत्रावर तपासणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणखी एक. बटण बंद केले म्हणजे वीज गेली, असे समजू नका. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असले, तर पंखा थांबतो, पण फेज कूलरमध्ये तशीच राहते. म्हणून पाणी भरण्याआधी पिन उपसून काढावी.

आज घरी गेल्यावर कूलरची पिन पाहा. तिला तीन पाय आहेत का? तिसऱ्या पायाची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. मगच कूलर लावा.