माप तेच, दारू वेगळी

एका मुलाण्यानं दारूवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी बोलणार आहे ती बाटलीतली नव्हे, बंदुकीतली दारू. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीनं मात्र त्याच शब्दात मद्यही भरलं आणि बंदुकीचं चूर्णही. बी. ए.ला असताना मला हे कळलं, तेव्हा मौज वाटली होती. बंदुकीच्या दारूतसुद्धा किती जाती असतात, हे मात्र मला त्याआधीच कळलेलं होतं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझं गाव सूस. २०२१च्या जूनअखेरीला ते पुणे महापालिकेत गेलं. आता तिथं उंच इमारती आहेत. माझ्या लहानपणी ते पाषाणच्या टेकडीमागचं, मुळशी तालुक्यातलं साधं खेडं होतं. पावसाळ्यात भात, मग ज्वारी, हरभरा. रात्री टेकडीवरून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वाफे उलटेपालटे करून जायची. आमच्या चाचाकडे ठासणीची बंदूक होती. शिकारीसाठी नव्हे, राखणीसाठी. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, त्यातला तो परवाना. चाचा बहुधा नुसता आवाजाचा बार काढायचा. फार झालं तर डुकरांच्या डोक्यावरून छर्रे.

बंदूक भरणं हे त्याचं एक अनुष्ठानच होतं. चिलीम विझवून लांब ठेवायची. मग पितळेचं एक बोटभर माप घ्यायचं, त्यानं नळीत काळी दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, गजानं ठासायचं, शेवटी टोपी. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. हे मिश्रण फार जुनं, आणि स्वभावानं सरळ. दाणा बारीक असेल तर लवकर पेटते, जाड असेल तर जरा सावकाश. ओल मात्र तिला अजिबात सोसत नाही. मुळशीच्या पावसात तिचे गोळे होत. "गोला हुआ तो फेक देना," चाचा म्हणायचा. फोडून, वाळवून वापरायची नाही.

१९८१चं साल. मी सहावीत होतो. त्या वर्षी पाऊस लांबला आणि दारूच्या डब्यात पाणी शिरलं. शहरातल्या परवान्याच्या दुकानापर्यंत जायला चाचाला सवड नव्हती, आणि भात तर पोटरीला आलेला. पुण्याचे एक ओळखीचे गृहस्थ पूर्वी सशा-तितरांच्या शिकारीला यायचे. त्यांची पाच-सहा जुनी काडतुसं आमच्या माळ्यावर राहून गेली होती. कागदी कवचाची, दमटपणानं फुगलेली. ती मी खाली काढली. मुलांना फोडायला काहीही आवडतं, तशी फोडली, आणि आतली करडी चकचकीत कणी एका वाटीत जमवून मोठ्या फुशारकीनं चाचापुढे ठेवली.

चाचा अडाणी नव्हता. त्यानं चिमूटभर कौलावर ठेवून पेटवली. काळी दारू असती तर फस्सदिशी उडाली असती, धूर झाला असता. ही पिवळ्या ज्योतीनं निवांत जळली, धूर जवळजवळ नाहीच. चाचा म्हणाला, ही तर मंद आहे, जास्त लागेल. आणि त्यानं तेच पितळेचं माप घेतलं. एक भरून, वर अर्धं.

त्या रात्रीचा आवाज नेहमीचा नव्हता. नळी घोड्याच्या पुढे उभी फाटली होती. चाचाच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. डोळे वाचले. इस्पितळात आणि पोलीस चौकीत त्यानं एकच सांगितलं, नळी जुनी होती. वाटीचं नाव काढलं नाही. अब्बांनाही त्यानं कधी सांगितलं नाही. मी तर नाहीच सांगितलं.

नेमकं काय झालं हे समजायला मला तीस वर्षं लागली. आमच्या गावाला लागून, सुतारवाडीच्या अंगाला, संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे. लहानपणी आम्ही तिला ईआरडीएल म्हणायचो, १९९५पासून ती एचईएमआरएल. तिथं स्फोटकं आणि तोफा-रॉकेटांची इंधनं यांवर संशोधन चालतं. आयुष्यभर बंदुकीची दारू अभ्यासलेले एक निवृत्त गृहस्थ फिरायला टेकडीवर भेटत. त्यांना मी 'एका ओळखीच्या माणसाची गोष्ट' म्हणून हे विचारलं. ते थांबले आणि म्हणाले, "कौलावर पेटवून पाहिली? तिथंच फसला तो."

त्यांनी समजावलं ते असं. बिनधुराची दारू १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी केली. कापसाच्या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून. ही उघड्यावर सावकाश जळते. पण तिला कोंडलं की दाब चढतो, दाब चढला की ती अधिक वेगानं जळते, आणि त्यानं दाब आणखी चढतो. काळ्या दारूला दाबाचा एवढा फरक पडत नाही, म्हणून ती मापानं भरली तरी चालतं. बिनधुराची तोळून भरावी लागते, तीही त्या बंदुकीसाठी ठरलेली. वजनाला वजन घेतलं तरी जोर काळीपेक्षा कितीतरी जास्त. आणि छर्‍याच्या काडतुसातली तर जातच चपळ.

मग रायफलीत कुठली घालतात, मी विचारलं. ते म्हणाले, "गाडी चिखलात रुतली तर बैलाला एकदम आसूड ओढतोस का? जू मोडेल. रेटा लावतोस." रायफलीची गोळी जड, नळी लांब आणि आत आटे. तिला हिसका नको, शेवटपर्यंत रेटा हवा. म्हणून रायफलीची दारू मुद्दाम सावकाश जळणारी करतात. कणांना जळणं मंदावणाऱ्या रसायनाचा लेप देतात. मोठ्या तोफांच्या दारूच्या दाण्याला तर आरपार भोकं पाडतात. बाहेरून दाणा जळून लहान होतो, पण आतली भोकं जळून मोठी होतात, म्हणजे आग टिकून राहते. चुलीचंच गणित. भुसा भडकतो, काटकी पेटते, बाभळीचा ओंडका रात्रभर पुरतो. कुणी ओंडक्याला कमजोर म्हणत नाही.

अमेरिकेत शिकारी आपली काडतुसं घरी भरतात. तिथं दारू करणार्‍या कंपन्या पुस्तकं छापतात. अमुक रायफल, अमुक वजनाची गोळी, तर ही दारू, कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. भरणारा खालच्या आकड्यापासून सुरुवात करतो. मूळ डब्यातून काढलेली, नाव पुसलेली दारू फेकून द्यायची, हा तिथला पहिला नियम. कारण रंगावरून ती ओळखता येत नाही. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, हे ऐकणार्‍यांनी ध्यानात ठेवावं.) हवासुद्धा बघावी लागते. साहेब लोकांच्या काळात विलायतेत भरलेली कॉर्डाइटची काडतुसं आपल्या उन्हाळ्यात जास्त दाब करायची. म्हणून हिंदुस्थानासाठी दारू कमी घातलेली वेगळी काडतुसं करत.

ती शिकार १९७२च्या कायद्यानं संपत गेली, बरंच झालं. पण हा प्रश्न गेलेला नाही. सुसपासून जवळच बालेवाडीचा नेमबाजी रेंज आहे. तिथं सराव केलेला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. त्या पॉइंट टू-टूच्या काडतुसाची ठिणगी बुडाच्या काठात असते. ते पुन्हा भरता येत नाही. तेव्हा हे नेमबाज एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि जिची छिद्रं कागदावर सर्वांत जवळ पडतात ती खेप घेतात. नाव तेच, डबा तसाच, तरी खेप बदलली की नेम बदलतो.

चाचा गेला त्याच्या आदल्या वर्षी मी त्याला हे सगळं सांगितलं. मंद वाटली ती का फाटली, कौल कसं खोटं बोललं. तो ऐकत राहिला. उरलेल्या दोन बोटांत त्यानं चहाचा कप धरला होता, तसा तो सफाईनं धरायचा. शेवटी मी म्हणालो, चाचा, वाटी मी आणली होती.

"लाया तू," तो म्हणाला. "भर्‍या तो मैंच था ना."

आणि मग म्हणाला, डेढ माप, डेढ.