मास्तर आणि मेस्त्री



'माएस्त्रो' म्हटलं की आपल्याला वाद्यवृंदापुढे छडी हलवणारा, केस विस्कटलेला माणूस दिसतो. स्पेनमधल्या पोराला विचाराल, तर त्याचा माएस्त्रो म्हणजे प्राथमिक शाळेतले गुरुजी. बाई असल्या तर माएस्त्रा. पोर मोठ्या शाळेत गेलं की शिकवणारा होतो 'प्रोफेसोर'. आपण प्रोफेसर म्हटलं की कॉलेज धरून चालतो. तिकडे नववीला गणित शिकवणाराही प्रोफेसोरच.

अटलांटिक ओलांडला की हाच शब्द सैलावतो. मेक्सिकोत विद्यापीठातल्या अध्यापकालाही माएस्त्रो म्हणतात आणि 15 मे हा शिक्षकांचा दिवस 1918 पासून पाळतात. पण घरातला नळ गळायला लागला, की पान्हे घेऊन येतो तोही माएस्त्रोच! चिलीत तर बांधकामावरचा कारागीर सर्रास माएस्त्रो. थोडं सुतारकाम, थोडी वायर, थोडा रंग, सगळ्यात हात आणि पक्कं काहीच नाही, अशाला तिथे 'माएस्त्रो चास्किया' म्हणतात. असा एक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतोच. त्याच चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल यांना 1945 साली साहित्याचं नोबेल मिळालं; त्याही मूळच्या शाळेतल्या माएस्त्रा.

या सगळ्यांचा मूळपुरुष लॅटिन 'मागिस्तेर'. त्यात 'मागिस' म्हणजे अधिक. आणि मंत्र्याचा 'मिनिस्तेर' निघाला तो 'कमी' या अर्थाच्या शब्दातून. हे आपलं जाता जाता.

हा मागिस्तेर आपल्याकडे दोन दारांनी आला. इंग्रजांबरोबर आला तो मास्तर झाला. पोर्तुगिजांच्या 'मेस्त्र'चा झाला मेस्त्री. गोव्यात, सिंधुदुर्गात ते आडनावही आहे. सख्खे भाऊ, पण एकाच्या हाती खडू दिला, दुसऱ्याच्या हाती थापी, आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहूनच गेली. शिंप्याला मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो, "मास्तर, बाही आखूड झाली."

स्पॅनिशमध्ये घराचा भार पेलणाऱ्या भिंतीला 'पारेद माएस्त्रा' म्हणतात. हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्याकडे स्वयंपाकघराची भिंत उभी राहत होती. हाताखालच्या पोराने एक डोळा मिटून वीट बसवली. मेस्त्रींनी ती काढली, ओळंबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "डोळ्यानं नको रे, दोरीनं बघ. परत लाव."

पोराने परत लावली. मेस्त्रींनी परत काढली.