कॉलेजातली निवडणूक : एका निवडणूक-अधिकाऱ्याची कैफियत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावर वक्त्याने काय बोलावे याचा एक दंडकच पडून गेला आहे. त्याने वेदान्तावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, गेला बाजार मधुमेहावर तरी बोलावे, आणि श्रोत्यांनी कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत ते सोसावे. मी मात्र आज कॉलेजातल्या निवडणुकांवर बोलणार आहे. चिटणीसांना मी हा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, “म्हणजे लोकशाहीवर ना?” मी म्हणालो, “नाही हो, जी. एस.च्या निवडणुकीवर!” त्यांचा चेहरा जरा उतरला. तथापि त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार.

मी पुण्यातील एका कॉलेजात पुष्कळ वर्षे शिकवले. कॉलेजाचे नाव सांगत नाही. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कॉलेजाची अब्रू थोडी आणि माझी बरीच जाणार आहे. नोकरीला लागलो त्याच वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून निवडणूक-अधिकारी नेमले. “तुम्ही नवीन आहात, तुमचा कोणावर राग नाही,” असे कारण त्यांनी दिले. दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, “आता माझा पुष्कळांवर राग आहे.” ते म्हणाले, “छान! म्हणजे अनुभव आला.”

तो ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. जुलैपर्यंत कॉलेज हे विद्यामंदिर असे, ऑगस्टात त्याचा आठवडेबाजार होई. जो विद्यार्थी वर्षभर वाचनालयाच्या बाजूलाही फिरकला नव्हता तो वाचनालयाच्या दाराशीच हात जोडून उभा राही. वर्गात मागच्या बाकावरून माझी नक्कल करणारा एक पठ्ठ्या एका सकाळी व्हरांड्यात माझ्या पाया पडला. मी म्हटले, “अरे, मला मत नाही!” तो म्हणाला, “माहीत आहे, सर. सराव करतोय.”

जाहीरनामे बहुधा एकाच साच्याचे. कँटीनमधला चहा सुधारू, सायकल-स्टँडवर छप्पर घालू, आणि गॅदरिंगला सिनेनटी आणू. यांपैकी तिसऱ्या कलमावर निवडणूक जिंकली जाई. जी. एस.चे खरे काम गॅदरिंग भरवणे हेच, अशी मुलांची, प्राध्यापकांची आणि फिशपाँड लिहिणाऱ्यांची एकमुखी समजूत होती. नटी कधी आली नाही. एकदा तिच्याऐवजी एक शिक्षणाधिकारी आले आणि शिस्तीवर पाऊण तास बोलले. त्या वर्षीचा जी. एस. त्यानंतर महिनाभर मागच्या फाटकातून येत-जात होता.

मोजणीत बाद मते निघत, त्यांचा एक निराळाच संग्रह करायला हवा होता. एकाने सर्व उमेदवारांपुढे फुली मारून खाली लिहिले होते, ‘सगळेच आपले आहेत.’ हे मत बाद ठरवताना मला खरोखर वाईट वाटले. एकाने उमेदवारांची नावे सोडून मतपत्रिकेवर प्राचार्यांचे नाव लिहिले व त्यापुढे फुली मारली. ते मत प्राचार्यांनी स्वतः पाहायला मागितले आणि कितीतरी वेळ न्याहाळले. अक्षर ओळखीचे वाटते का, ते पाहत असावेत.

हे सगळे हसण्यासारखे होते, आणि आम्ही प्राध्यापक स्टाफरूममध्ये बसून मनसोक्त हसत होतो. हसता हसता एक गोष्ट मात्र आम्ही नीट पाहिली नाही, ती आज सांगतो.

एका वर्षी आपल्या या मुळशी तालुक्यातला, पौडच्या पलीकडून एस.टी.ने येणारा एक मुलगा निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या जाहीरनाम्यात नटी नव्हती, चहा नव्हता. एकच ओळ होती : विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके संपेपर्यंत मावळात जाणारी शेवटची गाडी निघून जाते, तेव्हा प्रात्यक्षिकांची वेळ बदला, नाहीतर गाडीची तरी बदला. शहरातल्या मुलांना हा प्रश्न आहे हेच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. चार वर्षे मी त्या मुलांना ‘प्रात्यक्षिक अर्धवट टाकून पळता’ म्हणून रागे भरत आलो होतो! तो वर्गावर्गात जाऊन, घाम पुसत, तेवढेच सांगत राहिला आणि अकरा मतांनी पडला. निकाल मी जाहीर केला तेव्हा तो खाली मान घालून निघून गेला. मला वाटले, आता हा चार दिवस कॉलेजात दिसायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निवडून आलेल्या जी. एस.ला बरोबर घेऊन माझ्यापुढे उभा! जी. एस. म्हणाला, “सर, याला जवळजवळ माझ्याइतकीच मते आहेत. याचे काम केले नाही तर पुढच्या वर्षी माझी माणसे पडतील.” दोघे मिळून डेपोत गेले, आगारप्रमुखांना भेटले, तिथे काही झाले नाही म्हणून प्राचार्यांकडे आले, आणि दिवाळीनंतर गावाकडच्या मुलांची प्रात्यक्षिके सकाळच्या तुकडीत गेली. हरलेल्या मुलाचा जाहीरनामा जिंकलेल्या मुलाने पार पाडला. आणि तो सज्जनपणामुळे नव्हे बरे का, निव्वळ भीतीमुळे! राज्यशास्त्राच्या पुस्तकात मी हे प्रकरण किती वेळा शिकवले असेन, पण समजले त्या दिवशी.

आता माझ्या अब्रूची गोष्ट. काही वर्षांनी एका मोजणीच्या संध्याकाळी बाहेर दोन गटांची बाचाबाची झाली, एक दगड आला आणि कार्यालयातले भिंतीवरचे घड्याळ फुटले. कोणाला खरचटलेही नाही. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ठराव झाला की या निवडणुका विद्येला मारक आहेत, सबब त्या बंद कराव्यात. त्या ठरावावर सही करणारांत मी होतो. सही वळणदार केली होती.

आमच्या घड्याळाची गोष्ट क्षुल्लक होती. पण अन्यत्र जे घडत होते ते क्षुल्लक नव्हते. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी-नेत्याचा खून झाला, आणि कॉलेजातल्या निवडणुकांचे नाव काढताच पालकांच्या काळजात धस्स होऊ लागले. त्या भीतीला मी हसणार नाही. एखाद्या घरातला मुलगा जी. एस.पदापायी जातो, त्या घरापुढे लोकशाहीवर व्याख्यान देण्याची माझी छाती नाही. परंतु योगायोग पाहा. त्याच १९८९ साली, मार्च महिन्यात, मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी घटनादुरुस्ती अमलात आली. देशाने मुलांना सांगितले, पंतप्रधान कोण असावा हे तुम्ही ठरवा. आणि पाच वर्षांनी, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने, महाराष्ट्राने त्याच मुलांना सांगितले, वर्गप्रतिनिधी कोण असावा हे मात्र तुम्ही ठरवू नका. तेवढी अक्कल तुम्हाला नाही. आपल्या गावात एकविसाव्या वर्षी मुलगा ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो, गायरानाचा आणि पाणीपट्टीचा निकाल लावू शकतो. कॉलेजात त्याला सायकल-स्टँडचा लावता येत नव्हता.

नवी पद्धत मोठी निर्मळ होती. गेल्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त गुण तो वर्गाचा प्रतिनिधी. अशा गुणवंतांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, आणि सचिवांनी पुढे विद्यापीठाचे पदाधिकारी. आम्हाला वाटले, सुटलो! पण गणित साधे होते, आणि आमच्यात गणिताचे प्राध्यापक असूनही ते कोणाच्या ध्यानात आले नाही. दोन हजार मतदारांना चहा पाजायला पुष्कळ पैसा लागतो. वीस मतदारांना एक जीप पुरते. मतदार कमी झाले तशी मतदारांना उचलून नेण्याची सोय झाली. आमचा एक गुणवंत मतदानाआधी तीन दिवस बेपत्ता झाला. त्याचा शोध कुठे लागला म्हणता? आपल्याच तालुक्यात, मुळशी धरणाच्या काठी, कोणाच्या तरी बंगल्यात. आम्ही दोन प्राध्यापक घाबरेघुबरे होऊन तिथे पोचलो तर चिरंजीव व्हरांड्यात पिठले-भाकरी खात अवकल समीकरणे सोडवत बसलेले. “तुला पळवून आणले ना?” मी विचारले. तो म्हणाला, “हो सर. पण अभ्यास फार छान झाला.”

याच पद्धतीत एक मुलगी वर्गप्रतिनिधी झाली. ती स्वतः होऊन काही झाली नाही. एके दिवशी सूचनाफलकावर तिचे नाव लागले, एवढेच. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, मी काय करायचे असते?” मी म्हणालो, “विशेष काही नाही, दोन-तीन सह्या.” सह्यांच्या बाबतीत मी अनुभवी होतोच. पुढे वेळापत्रक बदलले आणि तोच जुना प्रश्न परत उभा राहिला : प्रात्यक्षिके आणि शेवटची गाडी. मुले तिच्याकडे गेली. ती बिचारी स्वतः शहरात राहणारी. तरी धीर करून वरिष्ठांकडे गेली. त्यांनी शांतपणे विचारले, “तुला प्रतिनिधी कोणी केले?” ती म्हणाली, “आपण.” “मग?” एवढाच प्रश्न. ती परत आली आणि मला म्हणाली, “सर, मुलांनी मला निवडले असते तर त्यांना हे विचारता आले असते का?”

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, धड नसणार.

या तालुक्यातल्या लोकांना तो प्रश्न मी फोडून सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापट आणि इथले मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. वीज मुंबईला हवी होती, पाणी या खोऱ्यात साठायचे होते, आणि ज्यांची भातशेते बुडायची त्यांना कोणी विचारले नव्हते. कॉलेजाच्या वेळापत्रकाची त्याच्याशी तुलना करणे म्हणजे मुंगीला हत्तीशेजारी बसवणे, हे मला कळते. पण “तुमच्या हितासाठीच ठरवले आहे” हे वाक्य दोन्हीकडे एकच आहे.

आता निवडणुका असलेल्या ठिकाणी सारे गोमटे आहे असे मात्र समजू नका. लिंगडोह समितीने २००६ साली नियम घालून दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले : उमेदवाराने पाच हजारांवर खर्च करू नये, छापील भित्तिपत्रके लावू नयेत, हाताने केलेलीच लावावीत, हजेरी पाऊणशे टक्के असावी. दिल्लीत याचे काय झाले? भिंती भरून छापील पत्रके. आणि पकडले जाऊ नये म्हणून उमेदवार आपल्या नावात एखादे अक्षर जादा घालतात. विचारले तर म्हणायचे, हा मी नव्हेच! २०२४ च्या सप्टेंबरात तिथल्या विद्यापीठात मतदान झाले, पण भिंती स्वच्छ होईपर्यंत मोजणी करू नका असे उच्च न्यायालयाने बजावले, आणि निकाल लागला नोव्हेंबरच्या अखेरीस. दोन महिने मतपेट्या बंद, आणि बाहेर रंगसफेदी! तरी पण मी म्हणतो, नावात अक्षर घालून फसवणाऱ्याला पुढच्या वर्षी पाडता तरी येते. गुणपत्रिकेला कोण पाडणार?

महाराष्ट्राने २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक परत आणली. २०१९ साली खरोखर वेळापत्रक निघाले. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलो होतो. एके दिवशी कॉलेजातून फोन आला, “सर, जरा येऊन जाल का? निवडणूक कशी घेतात हे माहीत असलेला इथे कोणी उरलेला नाही.” पंचवीस वर्षे! एक अख्खी पिढी प्राध्यापक होऊन वरिष्ठ झाली, आणि मतपत्रिकेची घडी कशी घालायची हे कोणाला दाखवावे लागले नव्हते.

गेलो. अडगळीतून जुनी पत्र्याची मतपेटी काढली. शिपायाने तिच्यात खडू ठेवले होते. दोन तरुण प्राध्यापकांना बसवून मी रंगीत तालीम घेतली. विषय ठेवला, स्टाफरूममध्ये चहा कोणत्या वेळी यावा. नऊ मतदार, चार अकराला, चार साडेअकराला, आणि एक मत बाद. त्या बाद मतावरून चाळीस मिनिटे वाद झाला, आवाज चढले, एक विदुषी उठून गेल्या. मला फार बरे वाटले.

थोड्याच दिवसांत पत्र आले की राज्याच्या विधानसभेची निवडणूक असल्याने विद्यार्थ्यांची निवडणूक पुढे ढकलली आहे. मोठ्यांच्या निवडणुकीपुढे लहानांची थांबली. पुढच्या साली करोना आला, आणि कॉलेजेच बंद झाली.

त्यानंतर एकदा त्या बाजूला गेलो असताना सहज आत डोकावलो. पेटी कार्यालयातल्या कपाटावर होती. झाकण उघडून पाहिले. खडू परत आत गेले होते. पण तळाशी आमच्या रंगीत तालमीच्या नऊ चिठ्ठ्या तशाच होत्या. शिपायाला म्हटले, या फेकल्या का नाहीत? तो म्हणाला, “साहेब, निकाल लागायचाय ना अजून.”